घरचं पाणी

"हात थांबला रे तुझा, कडूबा," पार्सलच्या डब्याच्या दारात उभे राहून मार्तंडराव म्हणाले.

"नाई जी, थांबला नाई. हात बदलून राह्यलो," कडूबानं सांगितलं, आणि उजव्या हाताला उसंत देऊन तो डाव्या हातानं मडकं डोलवायला लागला.

गाडी मूर्तिजापूरला खोळंबली होती. पुढं कुठं मालगाडी बंद पडली होती म्हणे. श्रावण लागला तरी पावसानं ओढ दिली होती आणि ऊन असं तापलं होतं की डब्याच्या पत्र्याला पाठ टेकवत नव्हती. कडूबा भोई मात्र गवताच्या चुंबळींवर मांडलेल्या मडक्यांच्या मधोमध मांडी ठोकून बसला होता. एक मडकं डोलवायचं, सोडायचं, दुसरं धरायचं, ते सोडून तिसरं. हावड्याला गाडीत बसल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. मडक्यांत माशांची पिल्लं होती, रोहू आणि कटला जातीची, जिऱ्याच्या दाण्याहून थोडीशी मोठी. पाणी हलतं राहिलं तर ती जगणार, पाणी निजलं की तीही निजणार. म्हणून कडूबा निजला नव्हता. बसल्या जागी मान कलंडायची, डोळा लागायचा, पण हात चालूच. त्याच्या हातांनी झोपेतही काम करायचं शिकून घेतलं होतं, आता बोला.

गंमत अशी की तरुणपणी या माणसानं नेमकं उलटं काम केलं होतं. तो मेणा वाहायचा. पाटला-देशमुखांच्या लेकीसुना मेण्यात बसल्या की भोयांनी चालायचं ते असं, की आतल्या बाईच्या पोटातलं पाणी हलू नये. पुढं मोटारी आल्या, मेणे अडगळीत गेले. कडूबा आपला पूर्णेकाठच्या गावात पावसाळ्यात नाव चालव, पूर ओसरला की जाळं टाक, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजांची डांगरवाडी लाव, असं करून पोट भरत राहिला. त्याच्याबद्दल मुद्दाम सांगावं असं काही नव्हतं. जाळं बरं टाकायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि दिलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. बस्स, एवढंच.

असा माणूस कलकत्त्याला गेला कसा? तर तलावापायी. रोहिणखेडच्या अलीकडे एक सरकारी तलाव होता. त्याच्या काठच्या भोयांत कडूबानं आपली एकुलती लेक शालू दिली होती. तलाव भोयांच्या दारात, पण मासा त्यांचा नाही. दरसाल लिलाव व्हायचा, बाहेरगावचा ठेकेदार तलाव घ्यायचा आणि भोयांनी त्याच्याच मजुरीवर जाळी ओढायची. ठेकेदार असा हावरट की जाळ्याचे डोळे बारीक करून बोटाएवढं पिल्लूसुद्धा उपसायचा. अंड्यावरची मादी सोडून द्यायची असते हे भोयाच्या शेंबड्या पोराला कळतं. ठेकेदाराला काय त्याचं? तलाव त्याचा सालभरापुरता. होता होता तलावात मासा उरला नाही, आणि काठावरचे भोई एकेक करून खामगावच्या कापसाच्या जिनात हमाली करायला जाऊ लागले. शालूचा नवराही जायच्या गोष्टी करत होता.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं, धान्य रेशनवर मिळत होतं. अन्न वाढवा म्हणून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारनं माशांचंही एक खातं उघडलं होतं. मार्तंडराव त्या खात्याचे इन्स्पेक्टर. नागपूरचे, नुकतेच बुलढाण्याला बदलून आलेले, वयानं कोवळे आणि मनानं भले. शालूचा सासरा वैजनाथ हा तिथल्या भोयांचा म्होरक्या. त्यानं कचेरीत खेटे घालून मार्तंडरावांचं डोकं खाल्लं. शेवटी मार्तंडरावांनी वरच्या साहेबाकडून कबूल करून घेतलं. बंगालचं बी, म्हणजे माशांची पिल्लं, आणून तलावात सोडायचं. ते तगलं तर लिलाव बंद, तलाव भोयांच्या पंचांकडे कायमचा. नाही तगलं तर ठेकेदार आहेच. बी आणायला न झोपणारा, न थकणारा माणूस हवा होता. वैजनाथनं आपल्या व्याह्याचं नाव पुढं केलं, आणि कडूबानं, "पोचवतो," असा शब्द दिला.

कलकत्त्यात एका म्हाताऱ्या बंगाली कोळ्यानं त्याला सगळी रीत शिकवली. दोघांना एकमेकांची भाषा ओ का ठो कळत नव्हती, पण पाण्यात हात असलेल्या माणसांना भाषा कितीशी लागते? मडकं कसं डोलवायचं ते म्हाताऱ्यानं दाखवलं. वाटेत पाणी शिळं झालं की निम्मं उपसून ताजं घालायचं. पण ताजं पाणी आधी आपल्या जिभेवर. म्हाताऱ्यानं एका भांड्यातलं पाणी चाखलं, हसला, ते मडक्यात ओतलं. दुसऱ्या भांड्यातलं चाखलं, थू करून थुंकला. मग दक्षिणेकडे लांब हात करून त्यानं समुद्राच्या लाटा करून दाखवल्या, बोट हलवलं आणि मान टाकून मेल्याचं सोंग केलं. समुद्राच्या पाण्यानं ही पिल्लं मरतात, असं त्याचं सांगणं. कडूबाला हसू आलं. वऱ्हाडात कुठला आला समुद्र? कडूबाच्या सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नव्हता.

त्याला त्रास झाला तो निराळाच. घर सोडल्यापासून कुठलंच पाणी त्याच्या तोंडाला लागेना. कलकत्त्याचं पाणी मचूळ, नागपूरचं पानसट. तांब्यावर तांब्या रिचवला तरी तहान जात नव्हती. नागपूरला मडक्यांत पाणी बदलताना तो कुरकुरलाच. "सायब, ह्या पान्याले काई चवच नाई," म्हणाला. मार्तंडरावांनी चाखून पाहिलं, चांगलं होतं. त्यांनी ते घालायला लावलं आणि पिल्लं मजेत राहिली. कडूबा गप्प बसला, पण त्याच्या मनातून ते गेलं नाही. शेगावला पोचलो की या लेकरांना खरं पाणी पाजू, असं त्यानं ठरवून ठेवलं होतं. निघतानाच त्यानं घरी सांगितलं होतं, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी शेगावच्या ठेसनावर आपल्या विहिरीचं पाणी घेऊन या. मार्तंडरावांनी तेव्हा एकदाच विचारलं होतं, पाणी गोडं आहे ना रे? कडूबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अमृत हाये जी," तो म्हणाला होता.

या एका गोष्टीवरून त्याच्या घरात पूर्वी एकदा वाजलं होतं. शालू लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हाची गोष्ट. आल्या आल्या तिनं माठातलं पाणी घेतलं, घोटभर प्याली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "माय, पानी खारं लागते वं आपलं," ती सहज बोलून गेली. रुख्मिणीच्या, म्हणजे कडूबाच्या बायकोच्या, हातातलं पीठ हातातच राहिलं. कडूबानं पोरीला फाडून खाल्लं. ह्याच पाण्यावर वाढली, आणि चार दिवस सासरचं प्याली तर माहेरचं खारं झालं? एवढा शिष्टपणा? रुख्मिणी रागावली नाही, पण दिवसभर कुणाशी बोलली नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या विहिरीचं पाणी शेंदून शेंदून तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते. शालूनं पुन्हा तो विषय काढला नाही. माहेरी आली की मुकाट्यानं पाणी प्यायची.

मूर्तिजापूरहून गाडी सुटेपर्यंत मडक्यांतलं पाणी कोमट झालं होतं. अकोल्याला नळावर हीऽ गर्दी, पाणी मिळालं नाही. पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात घोटाळायला लागली तसा कडूबाचा जीव टांगणीला लागला. दुपारी गाडी शेगावच्या फलाटाला लागली, आणि पाहतो तर काय, रुख्मिणी उभी. एकटी नाही, भोईवाड्यातल्या सगळ्या बायका, एकेकीच्या डोक्यावर घागर. उन्हातान्हात कोसभर वाट तुडवून आल्या होत्या. रुख्मिणीनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. येताना महाराजांच्या देवळाच्या कळसाला तिनं लांबूनच हात जोडले होते.

मार्तंडराव मलकापूरला तार करायला स्टेशनमास्तरकडे धावले. रुख्मिणी डब्याच्या दारापाशी आली. नवऱ्याला तिनं डोळे भरून पाहिलं, त्याची गालफडं बसली होती. ओंजळीत पाणी घेऊन तिनं त्याच्यापुढं धरलं.

"चाखून पाह्या. आत्ताचं शेंदलेलं हाये."

कडूबानं घोट घेतला आणि त्याच्या अंगातला सगळा शीण उतरला. इतक्या दिवसांनी पाण्याला पाण्याची चव लागली होती. त्याला अगदी भरून आलं.

"गोड हाये," तो म्हणाला.

रुख्मिणीचं तोंड फुललं. मग काय, सपाटा सुरू झाला. बायका घागरी वर देत होत्या, कडूबा एकेका मडक्यातलं शिळं पाणी उपसून घरचं पाणी ओतत होता. शेवटच्या मडक्याला पाणी पुरलं नाही. एका बाईची घागर वाटेत ठेच लागून फुटली होती. रुख्मिणी हळहळली, त्या एका मडक्यातल्या लेकरांनी काय पाप केलं होतं म्हणाली. कडूबालाही वाईट वाटलं. शिट्टी झाली तेव्हा रुख्मिणीनं वाटेत प्यायला म्हणून पाण्यानं भरलेला तांब्या त्याच्या हातात दिला. गाडी हलली तरी बायका फलाटावर उभ्याच होत्या.

जलंब मागं पडलं आणि पहिल्या मडक्यातली पिल्लं वर आली. नुसती वर आली नाहीत, तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासायला लागली. कडूबाला वाटलं, आपला हात कमी पडला. त्यानं मडकं जोरानं डोलवलं. पिल्लं गिरक्या घ्यायला लागली. एक आडवं झालं, मग दुसरं, आणि पाहता पाहता काळं पाणी पांढरं झालं. ती त्यांची पोटं होती. कडूबानं शेजारचं मडकं धरलं. तिथंही तेच. पलीकडचं, त्याच्या पलीकडचं, सगळीकडं तेच. तो गुडघ्यांवर रांगत या मडक्याकडून त्या मडक्याकडं जात होता. आत्ता तर हिंडत होती, आत्ताच तर ताजं पाणी घातलं होतं. हात चालूच होते.

नांदुऱ्याला मार्तंडराव डब्याशी आले. त्यांनी एका मडक्यात डोकावलं, दुसऱ्यात डोकावलं आणि ते तिथंच फलाटावर, इस्त्रीच्या पाटलोणीसकट, मटकन खाली बसले.

"सोड आता, कडूबा," ते म्हणाले. "गेली ती."

"नाई जी. हालवलं तं उठतीन."

मार्तंडरावांनी त्याच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. नांदुरा ते मलकापूर कडूबा मेलेली पिल्लं डोलवत बसला होता. त्याला कुणीतरी उभं सोललं असतं तरी त्या वेळी कळलं नसतं.

मलकापूरच्या फलाटावर हलगी वाजत होती. वैजनाथ, त्याचे भोई, बायकापोरं, सगळा भोईवाडा आला होता. बाहेर बैलगाड्यांत ओलं गवत अंथरून ठेवलं होतं. शालू पुढं होती. डब्याचं दार उघडलं, वैजनाथ हसत हसत वर चढला आणि हसू तोंडावर असतानाच त्यानं मडक्यात पाहिलं. हलगी वाजवणाऱ्याला आधी काही कळलं नाही, तो वाजवतच होता. मग कुणीतरी त्याचा हात धरला.

एकेक मडकं खाली उतरवलं. एक म्हातारी पदर तोंडात कोंबून रडायला लागली. कडूबा खाली उतरला. कुणाची तरी नजर लागली, ठेकेदारानंच काही करणी केली, असं काहीबाही तो पुटपुटत होता, आणि आपण काय बोलतो याच्यावर त्याचाच विश्वास नव्हता.

मार्तंडरावांनी पाण्यात हात घालून पाहिला. ते वैजनाथला बाजूला घेऊन म्हणाले, गाडी रखडली, ऊन भाजत होतं, यात कुणाचा दोष नाही. पण मला वर खरं तेच कळवावं लागेल, की वऱ्हाडच्या उन्हात हे बी तगत नाही. वैजनाथला त्याचा अर्थ पुरता कळला. वऱ्हाडात तगत नाही म्हणजे पुन्हा कधी येणार नाही. तलाव गेला. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि हातात धरून उभा राहिला.

एवढ्यात शालू ओरडली. अगदी शेवटी उतरवलेल्या मडक्यापाशी ती बसली होती. त्यातली पिल्लं जिवंत होती. दमलेली होती, पण हिंडत होती.

सगळे धावले. मार्तंडराव मडक्यावर वाकले आणि बुचकळ्यात पडले. हीच गाडी, हेच ऊन, हाच डबा. मग हे मडकं कसं वाचलं? याला काय वेगळं केलं, असं त्यांनी कडूबाला विचारलं. कडूबानं सांगितलं, काहीच नाही, उलट याच्याच वाट्याला घरचं पाणी आलं नाही. एक घागर वाटेत फुटली, म्हणून हे तसंच राहिलं.

हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. सांगून झाल्यावर शालू त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहायला लागली ती त्याला सहन होईना. गाडीतून आणलेला रुख्मिणीचा तांब्या त्याच्या पायाशी होता. शालूनं तो उचलला, चुळकाभर पाणी तोंडात घेतलं आणि तांब्या हळूच खाली ठेवला.

"काय झालं वं? बोल न," कडूबा म्हणाला.

"मी काय बोलू, बा."

तिनं बापासाठी सासरच्या विहिरीचं पाणी आणलं होतं. तो लोटा तिनं त्याच्या हातात दिला. कडूबा प्याला. तेच ते, पानसट, बिनचवीचं, कलकत्त्यासारखं, नागपूरसारखं. मग त्यानं रुख्मिणीचा तांब्या तोंडाला लावला. आली, ती त्याची चव आली. जन्मल्यापासूनची, आईच्या हातची, रुख्मिणीच्या हातची. आणि त्याच क्षणी त्याला कळून चुकलं. या चवीलाच तो आजवर गोड म्हणत आला होता. ती खारी होती. साऱ्या मुलखाचं पाणी बिनचवीचं नव्हतं, ह्याच्याच विहिरीत मीठ होतं. बंगाली म्हाताऱ्यानं लांब हात करून दाखवला होता तो समुद्र लांब नव्हताच मुळी. तो घरच्या विहिरीत होता, आणि त्यानं स्वतःच्या हातानं, लाडानं, तो या लेकरांच्या अंगावर ओतला होता.

मार्तंडरावांनीही तांब्यातलं पाणी चाखलं. त्यांचा चेहरा उतरला. पूर्णेच्या खोऱ्यात एकेकाळी समुद्र होता असं जाणकार म्हणतात, खारपाणपट्टा म्हणतात तो हाच, मी नुसतं ऐकून होतो, असं ते हळू आवाजात स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. मग त्यांनी कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला. चूक माझी आहे, शेगावला मीच चाखायला हवं होतं, हे इथंच सोड, मी उन्हाचं कारण कळवतो, तुझं नाव कुठं येणार नाही.

कडूबाला सुटायची वाट अशी आयती मिळाली होती. पण त्याला वैजनाथच्या हातातलं मुंडासं दिसत होतं. ऊन म्हटलं की सगळंच संपलं.

"नाई जी. उन्हानं नाई मारलं. म्या मारलं. वऱ्हाडात बी तगते, ह्या मडक्यात तगलं न? फक्त माह्या घरचं पानी नोका घालू. तसंच वर सांगा तुमी, कडूबा भोयानं मारलं म्हनून."

त्याचं बोलणं सगळ्या भोयांनी ऐकलं. कुणी शिवी दिली नाही. एकजण तेवढा पचकन थुंकला आणि लांब जाऊन उभा राहिला. भोयाच्या पोटी जन्मून पाणी ओळखू आलं नाही, याहून मोठी शिवी ती काय द्यायची? वैजनाथनं मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं आणि वाचलेलं मडकं उचललं. कडूबानं सवयीनं दोन्ही हात पुढं केले. वैजनाथ क्षणभर घुटमळला. मग त्यानं मडकं शालूच्या हातात दिलं.

शालू बैलगाडीत बसून मडकं डोलवत होती आणि कडूबा गाडीच्या मागून चालत होता. बसा म्हटलं तरी तो बसला नाही. त्याचे दोन्ही हात अजून हलत होते, रिकामेच, एकदा डावा, एकदा उजवा. शालूनं ते पाहिलं आणि ती मडक्यात बघत राहिली.

तलावावर पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. शालूनं मडकं पाण्यात बुडवून तिरपं केलं. एक बारीक काळी रेघ बाहेर पडली, थोडी थबकली आणि खोल गेली. एवढा तलाव भरेल एवढी ती रेघ नव्हती, पण होती. मार्तंडरावांनी वैजनाथला शब्द दिला, यंदा लिलाव होऊ देत नाही, पुढच्या श्रावणात पुन्हा बी आणू. जरा थांबून, कडूबाकडं न बघता ते म्हणाले, त्या वेळी माणूस मात्र इकडचाच नेऊ. कडूबानं मान हलवली. त्याला ते रास्तच वाटलं.

त्यानं सगळ्यांकडं एकच मागणं मागितलं. वैजनाथसमोर हात जोडून तो म्हणाला, "व्याही, मले काय म्हनाचं ते म्हना. पन पान्याची गोठ शालूच्या मायच्या कानावर नोका जाऊ देऊ."

वैजनाथ म्हणाला, "नाई जात." आणि त्या भोयांनी तो शब्द पाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडूबा घरी पोचला. रुख्मिणी दारातच होती. त्याचा चेहरा पाहून ती समजली. त्यानं ओट्यावर बसता बसता सांगून टाकलं की गाडी रखडली, ऊन लई होतं, पिल्लं गेली, एक मडकं तेवढं वाचलं. रुख्मिणी खांबाला धरून उभी राहिली. शालूच्या तलावाचं आता काय, हेच तिच्या मनात आलं असणार. मग ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली.

"एक तरी वाचलं म्हना," ती म्हणाली. "आपलं पानी घातलं होतं म्हूनच वाचलं असन ते."

कडूबानं तांब्या हातात घेतला. तोंडाला लावायच्या आधीच त्याला मिठाचा वास आला. आजवर कधी आला नव्हता, आणि आता जन्मभर जाणार नव्हता.

"हाव," तो म्हणाला. "म्हूनच वाचलं."

त्यानं सगळा तांब्या रिकामा केला. खाली ठेवला नाही, तसाच तिच्यापुढं धरला.

"गोड हाये. आखीन दे."

रुख्मिणी माठाकडं वळली आणि तिनं तांब्या पुन्हा काठोकाठ भरला.